रोमन समाज, धुऊन आणि इस्त्री करून

लाँड्रीवाल्यांना रोमची आवड लागली ती पडद्यांमुळे.

ग्रंथालयाच्या वाचनकक्षाचे पडदे वर्षातून एकदा धुवायला यायचे. ते खांद्यावर टाकून लाँड्रीवाले स्वतः परत द्यायला गेले, तेव्हा ग्रंथपाल बाई एका जाडजूड पुस्तकाच्या उसवलेल्या पाठीला डिंक लावत बसल्या होत्या. उघड्या पानावर चित्र होतं. एक माणूस अंगरखा गुडघ्यांच्या वर खोचून हौदात उभा आहे, पायांनी कपडे तुडवतो आहे, आणि त्याच्या चेहऱ्यावर सोमवारची सकाळ आहे.

"हा आमच्यातला," लाँड्रीवाले म्हणाले.

"दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. रोमन." बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुम्हाला रोमची आवड आहे?"

एखाद्या बाईने चष्मा कपाळावर सरकवणं ही काही इतिहासातली मोठी घटना नव्हे. पण लाँड्रीवाले बऱ्याच वर्षांचे विधुर होते, खांदा पडद्यांच्या ओझ्याने अवघडला होता आणि डोकं डिंकाच्या वासाने हलकं झालं होतं. तोंडातून निघून गेलं, "लहानपणापासून."

खरं सांगायचं तर लहानपणी रोमचा धडा पुस्तकाच्या शेवटी होता, आणि गुरुजींनी "हे परीक्षेला नाही" असं म्हणून अख्खं साम्राज्य एका वाक्यात निकालात काढलं होतं. साम्राज्य कोसळण्याची इतकी सुटसुटीत रीत पुढे लाँड्रीवाल्यांच्या वाचनात कुठे आली नाही. अर्थात वाचन तरी कुठे झालं? ते बी.कॉम. झाले आणि वडिलांच्या मागे लाँड्रीत उभे राहिले.

पण शब्द गेला तो गेला. बाईंनी डिंक वाळल्यावर तेच पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं. एवढं जाड पुस्तक माणसाने वाचायचं कसं? लाँड्रीवाल्यांनी बिल तपासतात तसं ते शेवटून उघडलं. शेवटी सूची होती. सूचीत सम्राट होते, सेनापती होते, सिनेट होतं. त्यांच्या गर्दीत, कोपऱ्यात अंग चोरून, "कपडे, धुलाई" असं बसलं होतं. लाँड्रीवाल्यांना परगावच्या लग्नात ओळखीचा माणूस दिसावा तसं झालं. त्यांनी ते पान काढलं, वाचलं, पुन्हा वाचलं, आणि दुकानाच्या काउंटरवर असे काही हसले की इस्त्री करणाऱ्या ताईने हात थांबवला.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. लाँड्रीची अर्धी मालकीण आणि लाँड्रीवाल्यांची, तिच्या मते, पूर्ण.

"काय झालं रे बाळ्या?"

बाळ्याचं वय त्रेपन्न होतं.

"ताई, ऐक. रोमन लोक कपडे कशाने धुवायचे माहीत आहे? लघवीने! रस्त्याच्या कोपऱ्यावर मडकी ठेवायचे. येणाऱ्याजाणाऱ्याने त्यात... म्हणजे... देणगी द्यायची. ती शिळी झाली की तिने डाग निघतात."

ताईने इस्त्री उभी ठेवली. "आणि हे तुला त्या बाईंनी वाचायला दिलं?"

"त्यांनी पुस्तक दिलं. हे मी शोधलं."

"शोध हो. फक्त आपल्या दारात मडकं दिसलं तर मी या दुकानात पाय ठेवणार नाही."

त्यानंतर लाँड्रीवाले दर आठवड्याला एक पुस्तक आणू लागले. पद्धत ठरलेली. सूची उघडायची, कपडे, लोकर, डाग, धुलाई एवढं बघायचं, तेवढीच पानं चवीने वाचायची, बाकीच्या रोमला नमस्कार करायचा आणि पुस्तक परत करायचं. परत करताना बाई विचारायच्या, "कसं वाटलं?" लाँड्रीवाले म्हणायचे, "डोळे उघडले." बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या. लाँड्रीवाले जिना उतरून घरी येईपर्यंत जमिनीला पाय लागायचे नाहीत.

आता एक छोटीशी गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यातूनच झाला. लाँड्रीत कपडे आले की पिवळी चिठ्ठी फाडतात. तिच्या दोन्ही भागांवर एकच नंबर आणि एकच यादी असते, "राखाडी कोट एक, पँट एक" अशी. एक भाग गिऱ्हाइकाला, दुसरा टाचणीने गठ्ठ्याला. धुणं, वाळवणं, इस्त्री, सगळीकडे ती चिठ्ठी कपड्यांबरोबर फिरते. चिठ्ठी नसेल तर कोट हा नुसताच कोट असतो, कुणाचाही नसतो.

लाँड्रीवाले काउंटरवर वाचायचे. वाचता वाचता गिऱ्हाईक यायचं. गिऱ्हाईक आलं की पानात खूण ठेवायला हवी. पान दुमडणं हे पाप, असं बाईंनी भिंतीवर लिहून लावलेलं. मग हात आपोआप शेजारच्या गठ्ठ्याकडे जायचा, टाचणीतून पिवळी चिठ्ठी निघायची आणि रोमन समाजात जाऊन बसायची.

"बाळ्या, या गठ्ठ्याची चिठ्ठी कुठे आहे?" ताई विचारायची.

"असेल गं. आणि चिठ्ठी कशाला लागते? इतकी वर्षं धंद्यात आहोत. कोट बघितला की माणूस आठवतो."

कोट बघितला की माणूस आठवायचा, हे खरं. दर वेळी तोच आठवायचा असं नाही.

नवल असं, की तक्रार कुणी केली नाही. माणूस स्वतःच्या कपड्यांकडे बघतच नाही. कपड्यांत बसलेल्या स्वतःकडे बघतो. दाताच्या डॉक्टरांना पँट ढगळ होऊ लागली, तेव्हा त्यांना वाटलं, सकाळचं चालणं फळाला आलं. ते अभिमानाने पट्ट्याला नवीन भोक पाडून आले. त्याच सुमारास निवृत्त प्राचार्यांना कोट काखेत काचू लागला. त्यांनी चहातली साखर सोडली, मग चहा सोडला, मग संध्याकाळचं जेवण सोडलं, आणि तरी कोट काही सैल होईना. वकीलबाईंची चादर धुऊन आली ती साधी पांढरी. स्वतः भरतकाम केलेली चादर नवऱ्याने आपल्या बहिणीला देऊन टाकली, अशी त्यांची खात्री पटली. तेव्हापासून त्यांनी नणंदेशी बोलणं टाकलं होतं. नणंद बिचारी विचार करत होती, आपलं काय चुकलं. अशा रीतीने रोमन संस्कृतीचा परिणाम हळूहळू सगळ्या वस्तीवर होत होता, आणि लाँड्रीवाल्यांना पत्ता नव्हता.

मग एक दिवस बाई म्हणाल्या, "ग्रंथालयाचा वर्धापनदिन आहे. रविवारी सकाळी कार्यक्रम ठेवलाय. तुम्ही बोलाल का? 'प्राचीन रोमन समाज आणि संस्कृती समजून घेण्यासाठी काय वाचावे?' आमच्याकडे रोमवर तुमच्याइतकी पुस्तकं कुणीच नेलेली नाहीत."

यातलं 'नेलेली' हे क्रियापद अगदी अचूक होतं, हे लाँड्रीवाल्यांच्या लक्षात आलं नाही. ते "हो" म्हणाले, आणि घरी येऊन दोन ग्लास पाणी प्यायले.

"छान झालं," ताई म्हणाली. "भाषण कर आणि लगेच बाईंना विचारून टाक."

"काय विचारू?"

"मागच्या गल्लीतला पाण्याचा पाइप फुटलाय का ते विचार! काय विचारू म्हणे. अरे लग्नाचं. दर आठवड्याला भांग पाडून, दाढी करून पुस्तक बदलायला जातोस. मला काय रोमचं वेड दिसत नाही?"

लाँड्रीवाले कान लाल करून हँगर मोजू लागले. "भाषण चांगलं झालं तर विचारीन."

"आणि नाही झालं तर?"

"तर कोणत्या तोंडाने विचारू? त्यांना वाटतंय मी अभ्यासू आहे."

"बाळ्या, रोम पडायलासुद्धा इतका वेळ लागला नसेल रे!"

आता मात्र वाचायलाच हवं होतं. शनिवारी दुपारी त्यांनी एक पुस्तक आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या पानापासून उघडलं. पहिल्या पानावर जुळे भाऊ होते. त्यांना लांडगीण दूध पाजत होती. मग राजे सुरू झाले. एकामागून एक राजे येत होते आणि एकाच्याही अंगरख्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं. तिसऱ्या राजाच्या कारकिर्दीत लाँड्रीवाल्यांचा डोळा लागला. जागे झाले तेव्हा गालावर छापाची शाई होती आणि एक निर्णय झाला होता. जे येतं तेच बोलायचं.

रविवारी वाचनकक्ष भरला. पडदे स्वच्छ होते. टेबलावर बाईंनी त्यांनी नेलेली सगळी पुस्तकं रचून ठेवली होती, तो ढीग पाहून पुढच्या रांगेत "वा!" झालं. अध्यक्ष म्हणून प्राचार्य, आवळलेल्या कोटात ताठ बसलेले, कारण वाकता येत नव्हतं. समोर दाताचे डॉक्टर, शेजारी वकीलबाई. ताई दाराजवळच्या खुर्चीवर. बाई खिडकीशी उभ्या, चष्मा अजून डोळ्यांवर.

लाँड्रीवाले उभे राहिले. घसा साफ केला. आणि निळं पुस्तक उचललं.

"रोमन शहर समजून घ्यायचं असेल तर हे वाचा," ते म्हणाले. "यात आमच्यासारखीच एक लाँड्री आहे, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेलेली. हौद जसेच्या तसे आहेत. लोक विचारतात, रोमन रस्ते कसे होते, रोमन घरं कशी होती. मी म्हणतो, पाणी कुठून यायचं आणि घाण कुठून जायची ते बघा. ते कळलं की शहर कळलं."

लोक माना डोलावू लागले. लाँड्रीवाल्यांना धीर आला. त्यांनी लाल पुस्तक उचललं.

"राजकारण समजून घ्यायचं तर हे. निवडणुकीला उभा राहणारा माणूस आपला अंगरखा खडूने घासून पांढराशुभ्र करून घ्यायचा. लांबून दिसावा म्हणून. म्हणजे उमेदवार किती स्वच्छ आहे, हे फक्त धुणाऱ्याला माहीत."

हशा झाला. टाळी पडली. आता लाँड्रीवाल्यांना कुणी आवरलं असतं तर शपथ! त्यांनी मडक्यांवर बसवलेल्या कराचं सांगितलं, तेव्हा मागच्या रांगेतले दोघं खुर्चीवरून घसरले. गंधकाची धुरी देऊन लोकर पांढरी कशी करतात ते सांगितलं. धुणाऱ्यांचं घुबडावर किती प्रेम होतं ते सांगितलं. का होतं ते त्यांना माहीत नव्हतं, कारण ते पुढच्या पानावर होतं.

"पण महाशय," प्राचार्य बसल्या बसल्या ताठपणे म्हणाले, "सिनेटबद्दल काय वाचावं?"

लाँड्रीवाल्यांना पिशवीतली चादर आठवली. पोशाख दाखवायला म्हणून ती त्यांनी दुकानातून आणली होती. "सिनेट वाचण्यापेक्षा बघा ना, सर! रोमन पोशाख कसा नेसतात ते मी दाखवतो. कुणीतरी सिनेटर व्हायला हवं."

प्राचार्य केव्हाच उभे राहिले होते. सिनेटर होण्यासारखी दुसरी व्यक्ती या गावात असू शकते, हे त्यांच्या मनालाही शिवलं नसावं. त्यांनी मोठ्या कष्टाने कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला, सुटकेचा श्वास घेतला आणि हात पसरले. लाँड्रीवाल्यांनी चादर डाव्या खांद्यावरून सोडली, पाठीमागून फिरवली, उजव्या काखेखालून आणली आणि पुन्हा डाव्या खांद्यावर टाकली. चुण्या अशा पडल्या की ताईनेसुद्धा मान हलवली. प्राचार्यांचा दगडी पुतळा झाला.

"एक मिनिट," वकीलबाई म्हणाल्या.

त्या उठून पुढे आल्या आणि सिनेटरच्या छातीवरचा कोपरा त्यांनी उचलून बघितला.

"ही माझी चादर आहे."

"बाई, हा रोमन पोशाख आहे," पुतळा म्हणाला.

"असेल. पण हे फूल मी काढलंय. चार पाकळ्या निळ्या आणि पाचवी हिरवी. कारण निळा दोरा संपला होता." त्या लाँड्रीवाल्यांकडे वळल्या. "ही तुमच्याकडे कशी?"

"दुकानात पडून होती. चिठ्ठी नव्हती, कुणी न्यायला येईना..."

वकीलबाईंचा हात तोंडावर गेला. "अगं बाई! आणि मी वन्संशी दोन महिने बोलले नाही!" आणि त्या फोन घेऊन पळत व्हरांड्यात गेल्या. तिथून "वन्सं, मी बोलतेय, ठेवू नका, ठेवू नका हो!" असा आवाज आत येत राहिला.

एव्हाना दाताचे डॉक्टर खुर्चीला टांगलेल्या कोटाकडे टक लावून बघत होते. त्यांनी हळूच जाऊन त्याचं अस्तर उलटलं.

"हा टाका माझा आहे," ते पुटपुटले.

"काय?"

"अस्तर उसवलं होतं. मी शिवलं. हिरड्यांना घालतो तशी गाठ आहे, बघा. दुसरं कुणी अशी गाठ घालत नाही." त्यांनी सावकाश खाली, स्वतःच्या पँटकडे पाहिलं. पट्ट्याच्या नव्या भोकाकडे पाहिलं. "मग ही... ही कुणाची आहे?"

प्राचार्यांनी चादरीतून मान पुढे काढली. "ती माझी! खिशाजवळ शाईचा डाग आहे ना? माझीच!" आणि मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे मी जाड झालो नव्हतो!"

"म्हणजे मी बारीक झालो नव्हतो," डॉक्टर म्हणाले आणि खाली बसले.

"चहा!" प्राचार्य गरजले. "कुणीतरी चहा आणा! साखर घालून!"

मग काय विचारता! सगळा कक्ष उठून उभा राहिला. जो तो आधी स्वतःकडे, मग शेजाऱ्याकडे बघू लागला. "हा स्वेटर!" "अहो, तो शर्ट जरा मागे फिरवा!" "तरी मी म्हणत होते, याच्या बाह्या वाढल्या कशा!" जोडप्यांत कुजबुज झाली, मित्रांत संशय पसरला. लाँड्रीवाले टेबलामागे उभे होते. डोळ्यांसमोर वडिलांची लाँड्री, स्वतःची अब्रू आणि मनातला प्रश्न ही तिन्ही एकाच पाण्याच्या लोंढ्यात वाहून चालली होती. त्यांनी दाराच्या दिशेने एक पाऊल टाकलं. दारात ताई होती.

"कुठे?" ताई म्हणाली. "जा, उभा राहा तिथे."

"सांगा तर खरं," सिनेटर प्राचार्य हात उंचावून म्हणाले. चादरीमुळे त्यांना अधिकार आला होता. "रोममध्ये अशा धुणाऱ्याचं काय करत असत?"

लाँड्रीवाल्यांची एक अडचण होती. याचं उत्तर त्यांना माहीत होतं. त्यांनी तपकिरी पुस्तक उचललं, खुणेचं पान उघडलं आणि वाचलं, "धुवायला घेतलेले कपडे उंदरांनी कुरतडले, तर दोष धुणाऱ्याचा. त्याने एकाचा झगा दुसऱ्याला दिला, तरी दोष धुणाऱ्याचाच." ते थांबले.

"पुढे?" प्राचार्य म्हणाले.

"'जरी त्याने ते नकळत केलेलं असलं तरी.'"

तेवढ्यात खिडकीशी उभ्या असलेल्या बाई पुढे आल्या, आणि लाँड्रीवाल्यांच्या हातातल्या पुस्तकातून त्यांनी अलगद पिवळी चिठ्ठी ओढून काढली.

"राखाडी कोट एक, पँट एक," त्यांनी वाचलं. "डॉक्टर, ही तुमची असावी. बाकीच्या सगळ्या पुस्तकांत आहेत. एकेक करून वाचते. ज्याचं असेल त्याने हात वर करावा, आणि ज्याच्या अंगात असेल त्याने खरं सांगावं."

आणि मग जे झालं तसं ग्रंथालयाच्या इतिहासात कधी झालं नव्हतं. बाई पुस्तक उघडत, चिठ्ठी काढत, वाचत. "हिरवा स्वेटर एक!" "माझा!" "माझ्या अंगात आहे, पण मला तो फार आवडतो हो!" "काढा!" पुरुषांसाठी कायद्याच्या कपाटामागची जागा दिली, बायकांसाठी कवितेच्या. कपाटांवरून शर्ट उडत होते, खालून पँट्स सरकत होत्या. कायद्याच्या मागून डॉक्टरांचा "श्वास घेता येत नाही" असा आवाज आला, कारण त्यांनी स्वतःची पँट घातली होती. वकीलबाई व्हरांड्यातून डोळे पुसत आल्या आणि जाहीर केलं की वन्सं संध्याकाळी राहायला येताहेत, आणि खटला वगैरे काही नाही, फक्त चादर द्या. सिनेटर चादर सोडायला तयार होईनात. शेवटी चहा आला, साखर घातलेला, आणि त्या लाचेवर सिनेट बरखास्त झालं.

आभार मानताना प्राचार्य स्वतःच्या सैल कोटात खुशाल वाकून म्हणाले, की रोमन समाज इतका जवळून आपण आजवर अनुभवला नव्हता. आणि पुढच्या वर्षी ग्रीक ठेवावेत, मात्र येताना सगळ्यांनी जुने कपडे घालावेत.

लोक हसत, एकमेकांच्या बाह्या ओढत, जिना उतरून गेले. ताई म्हणाली, "मी खाली थांबते," आणि जाता जाता भावाच्या पाठीत एक कोपरखळी ठेवून गेली.

लाँड्रीवाले रिकाम्या खुर्च्या एकात एक ठेवू लागले. चुकीचं काम केल्यावर माणसाला दुसरं कुठलंतरी बरोबर काम करावंसं वाटतं.

"बाई," ते खुर्च्यांकडे बघत म्हणाले, "तुम्हाला कळलंच असेल. मी ही पुस्तकं वाचलेली नाहीत. म्हणजे... धुण्यापुरतीच वाचली."

"पहिल्या पुस्तकापासून माहीत आहे," बाई म्हणाल्या. "खूण लाँड्रीच्या पानावर होती. म्हटलं, योगायोग. म्हणून दुसऱ्या वेळी रोमन सैन्यावरचं दिलं. तुमची खूण कुठे निघाली? सैनिकाला घरून मोजे पाठवले, त्या पानावर. मग मेजवान्यांवरचं दिलं. तिथे सांडलेल्या दारूचा डाग."

लाँड्रीवाल्यांच्या हातातली खुर्ची तशीच राहिली. "मग तुम्ही देत का राहिलात?"

"तुम्ही येत राहिलात म्हणून." बाई पुस्तकं रचत होत्या. "नंतर नंतर तर मीच आधी सूची बघायला लागले. ज्यात धुणं नाही ते पुस्तक तुम्हाला द्यायचंच नाही. वाचायला काही मिळालं नाही, तर पुढच्या आठवड्यात आला नसतात."

"आणि चिठ्ठ्या? त्या परत का नाही दिल्यात?"

"वाचकाची खूण काढायची नाही, असा ग्रंथालयाचा नियम आहे."

"असा नियम आहे?"

"नाही," बाई म्हणाल्या.

आणि मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक बारीकसं पुस्तक काढून पुढे केलं. "हे घ्या. यात कुठेही धुणं नाही. लोकर नाही, डाग नाही. मी तपासलंय. खूण आहे ती माझी."

लाँड्रीवाल्यांनी पुस्तक उघडलं. आत पिवळी चिठ्ठी होती. गिऱ्हाइकाकडे राहते ती अर्धी. 'पांढरा स्वेटर एक.' चिठ्ठीच्या खालचं पान रोमन लोकांच्या लग्नाबद्दल होतं. ते खुर्चीवर बसले आणि वाचू लागले. लिहिलं होतं, की कायद्याने लग्न व्हायला कसलाही विधी लागत नसे. दोघांची मनापासून इच्छा हवी, आणि नवराबायको म्हणून एकत्र राहायचं, एवढं पुरे. पान संपलं. लाँड्रीवाल्यांनी, कुणी न सांगता, धुण्याची काडीइतकीही आशा नसताना, पुढचं पान उलटलं. बाई खिडक्या बंद करत होत्या, आणि एकच खिडकी त्या फार वेळ बंद करत होत्या.

"बाई," लाँड्रीवाले पुस्तक मिटून उभे राहिले. खूण जागेवर ठेवायला ते विसरले नाहीत. "इच्छेच्या बाबतीत माझ्या बाजूने सगळं तयार आहे. तुमच्या बाजूने काय म्हणता?"

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"माझ्या बाजूनेही आहे," त्या म्हणाल्या. "पण आधी माझा स्वेटर द्या. तो कुणाच्या अंगावर दिसला नाही आज."

लाँड्रीवाले ऐटीत म्हणाले, "दिसेल कसा? सगळ्या दुकानात ती एकच चिठ्ठी मी गठ्ठ्यावरून काढली नाही. तुमचा स्वेटर सगळ्यात वरच्या फळीवर आहे. तुम्ही न्यायला आला नाहीत, म्हणून मी दर आठवड्याला तो स्वतःच्या हाताने धुऊन ठेवतो. गरम पाण्यात."

खालून, जिन्याच्या पायथ्याशी कान लावून बसलेल्या ताईचा आवाज आला, "त्यांना खरं काय ते सांग, बाळ्या! बाहुलीला येईल आता तो!"

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला.

"लोकर आटली तर दोष कुणाचा?" बाईंनी विचारलं. "रोमन कायदा काय म्हणतो?"

"ते... ते बघावं लागेल," लाँड्रीवाले म्हणाले आणि सवयीप्रमाणे त्यांचा हात तपकिरी पुस्तकाच्या मागच्या पानांकडे गेला.

बाईंनी त्यावर हात ठेवला.

"सूचीतून नाही," त्या म्हणाल्या. "आता घाई नाही. पहिल्या पानापासून."